टीआरपी आणि मालिका-निर्मितीचा व्हिडिओ अभ्यासक्रम : अर्धा ताजा, अर्धा शिळा

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला दूरचित्रवाणी शिकवताना वर्गात दाखवता येतील असे आजचे व्हिडिओ शोधणे हे माझे दर जूनमधले काम आहे. या वर्षी त्यासाठी एका संकेतस्थळाचा सशुल्क अभ्यासक्रम घेतला आणि वर्गात लावण्यापूर्वी तो पूर्ण पाहिला.

निर्मितीचा भाग मनापासून आवडला. वनलाइनपासून (कथेचा दृश्यवार थोडक्यात आराखडा) पटकथा आणि संवादांपर्यंतचा प्रवास, कॉल शीट (दिवसाच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक), एकाच दिवाणखान्यात घडणारी वेगवेगळ्या भागांतली दृश्ये सलग उरकताना साडी, कुंकू आणि केसांची कंटिन्युइटी सांभाळणारी माणसे, हे सगळे प्रत्यक्ष सेटवर चित्रित केलेले आहे. चित्रित भागांची ‘बँक’, म्हणजे प्रसारणाआधीच तयार ठेवलेला साठा, का लागतो, हे तर फारच नेमके समजावले आहे. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबल्यावर वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी येताच काही मराठी मालिकांनी गोव्यात मुक्काम हलवला, ही उदाहरणे विद्यार्थ्यांना लगेच भिडतात.

टीआरपीच्या भागाने मात्र निराशा केली. त्यात अजून टॅम या पूर्वीच्या प्रेक्षक-मापन संस्थेची पद्धत ‘सध्याची’ म्हणून शिकवली आहे. वास्तविक तिच्या जागी आलेल्या बार्क या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ पासून येत आहेत. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण घरातला मीटर टिपतो आणि कोण पाहत आहे हे प्रत्येक सदस्य आपले बटण दाबून नोंदवतो, ही आजची मूळ कल्पनाच तेथे नाही. प्रेक्षकांचे वर्गही कुटुंबप्रमुखाच्या शिक्षण-व्यवसायावरून पाडले आहेत. आज वापरात असलेल्या एनसीसीएस वर्गीकरणात मिळवत्या प्रमुखाचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, हे पाहिले जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी गैरव्यवहाराचे प्रकरण पुढे आल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबले आणि मार्च २०२२ मध्ये ते चार आठवड्यांच्या सरासरीने पुन्हा सुरू झाले, याचा तर उल्लेखच नाही. पत्रकारितेकडे वळणाऱ्या मुलांसाठी ही उणीव गंभीर आहे.

मला सर्वाधिक खटकले ते हे, की कोणत्याही व्हिडिओवर चित्रीकरणाचे वर्ष दिलेले नाही, त्यामुळे अजाण विद्यार्थी दोन्ही भाग सारख्याच विश्वासाने पाहील. अभ्यासक्रम घेण्याआधी टीआरपीचा नमुना-व्हिडिओ उघडून त्यात बार्क आणि एनसीसीएस हे शब्द येतात का, एवढे जरूर पाहावे.

निर्मितीच्या भागासाठी मी हा अभ्यासक्रम पुढील वर्षीही घेईन. टीआरपीच्या तासाला मात्र मी आता बार्कच्या संकेतस्थळावरची महाराष्ट्र-गोव्याची साप्ताहिक यादी पडद्यावर उघडते आणि पहिल्या पाच कार्यक्रमांपुढचे प्रेक्षकसंख्येचे हजारांतले आकडे मुलांकडूनच वाचून घेते.