भोर-महाड रस्ता (वरंधा घाट) : 5 पैकी 4 स्टार, एक कापला त्याचं कारण खाली लिहिलंय

माझं माहेर बिरवाडीकडचं आणि सासर पुण्यात, त्यामुळे हा रस्ता मला पाठ आहे. कापूरहोळला हायवे सोडायचा, भोरमध्ये पेट्रोल भरून घ्यायचं आणि मग सरळ महाडपर्यंत. भोर ते महाड 70-80 किलोमीटर असेल, पण घड्याळ लावून जाऊ नका, वळणंच तेवढी आहेत.

भोर सुटलं की नीरा देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला येत जात राहतं, दिवाळीच्या सुमारास जाल तर काठोकाठ भरलेलं दिसतं आणि मे महिन्यात तळाची लाल माती उघडी पडलेली. पुढे हिर्डोशी सोडली की झाडी दाट होते, मोबाईलची रेंज जाते, आणि घाटमाथ्यावर आलात की एकदम समोर जमीनच संपते, खाली सगळं कोकण.

तिथे वाघजाईचं देऊळ आहे, शेजारी भजीच्या टपऱ्या. कढईतनं काढलेली कांदाभजी कागदावर, वर तळलेली मिरची आणि मीठ. माझे वडील देवीला हात जोडल्याशिवाय गाडी खाली घालत नसत, मी पण थांबतेच. माकडं फार आहेत, गाडीची काच वर ठेवा आणि त्यांना काही खायला घालू नका प्लीज, ती रस्त्यावर येतात ती त्यामुळेच.

बहुतेक लोक भजी खाऊन निघून जातात पण आपण उभे असतो ते कावळ्या किल्ल्याच्या अंगावर. हा किल्ला घाटावर पहारा ठेवायला होता आणि रस्ता त्याच्या मधूनच गेलाय, एक भाग इकडे एक तिकडे. कड्यात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. महाड म्हणजे सावित्री नदीवरचं जुनं बंदर, तिथला माल देशावर चढायचा तो असल्याच घाटांनी, ही टाकी त्या वाटसरूंची तहान भागवत असणार असं मला तिथे गेलं की दरवेळी वाटतं. खालच्या खोऱ्यात शिवथरघळ, समर्थांनी दासबोध लिहिला ती. वेळ असेल तर फाट्यावरून नक्की आत जा, पावसाळ्यात धबधबा घळीच्या तोंडावरच पडतो.

आता स्टार कापला ते पावसाळ्यासाठी. दरडी कोसळतात म्हणून घाट बंद ठेवतात, ते बरोबरच आहे, जीवापेक्षा काही मोठं नाही. पण मागे जुलैमध्ये आईला बरं नव्हतं म्हणून पहाटे निघालो तर भोरमध्ये एक साधा बोर्ड नव्हता, पार घाटाच्या तोंडाशी गेल्यावर बॅरिकेड दिसलं, तिथून मागे फिरून ताम्हिणीने गेलो आणि पोचायला दुपार झाली. बंदचा बोर्ड कापूरहोळ फाट्यावरच लावला तर किती लोकांचे हाल वाचतील. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग आहे, 965 डीडी, तर मग काही वळणांवर संरक्षक कठडे ढासळलेले का आहेत? रात्री धुक्यात तिथे पांढरी पट्टीसुद्धा दिसत नाही.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, उजेडात जा, वळणावर हॉर्न द्या, आणि समोरून एसटी आली तर आपण बाजूला घेऊन तिला आधी जाऊ द्या, घाटातल्या वाड्यांना तीच एक गाडी आहे.