जनावरांपासून भाजी वाचवायला घरी बांधलेलं ग्रीनहाऊस: तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. माकडं, रानडुकरं, साळिंदर, ससे, मोर यांच्यापैकी कुणालाही या काळात आत शिरता आलेलं नाही. ज्या कामासाठी ग्रीनहाऊस बांधलं ते काम चोख झालं. पण ते केलं जाळीने. वरचं प्लॅस्टिक जनावरांच्या लेखी नुसता कागद. माकडाने दोन बोटं घातली की टर्रकन फाटतो. म्हणून कुणी ‘पॉलिफिल्मचं तयार किट आणू आणि सुटू’ असा विचार करत असेल तर जरा थांबा.

माझा सांगाडा १० बाय १५ फुटांचा, जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा, मधोमध उंची ९ फूट. चारही बाजूंना आणि छताखालीसुद्धा वेल्डमेश, म्हणजे उभ्या-आडव्या तारा सांध्यावर वेल्ड केलेली जाळी, तिच्यावर छतापुरती २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, म्हणजे उन्हाला टिकणारं प्लॅस्टिक. बाजूंना फिल्म नाही. पाय काँक्रीटमध्ये रोवलेत. ते माकडांसाठी नाही, वाऱ्यासाठी. फिल्म चढवली की छताचं शीड होतं आणि वादळात सांगाडा वरच्या बाजूला उपसला जातो.

जाळी घेताना गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, विचारा आणि लक्षात ठेवा की गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटरची तार, ती डुकराच्या धक्क्याला टिकते. षटकोनी भोकांची चिकन जाळी कोंबड्या आत ठेवायला बरी. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी तिचा उपयोग नाही. तिची तार एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, वळवलेली असते. साळिंदर किंवा घूस ती आरामात उकलते.

जाळीच्या भोकांचा आकारही उंचीनुसार बदलला आहे. वर एक इंची, खालच्या दोन फुटांत अर्धा इंची. खरा खर्च आणि खरी मेहनत मात्र जमिनीखाली आहे. डुक्कर जाळी तोडत नाही, खालच्या काठाखाली नाकाड घालून ती उचलतं. त्यामुळे खालचा काठ मोकळा ठेवून चालत नाही, तो आडव्या पाइपला बांधावा लागतो. आणि उकरणाऱ्यांसाठी जाळी फूटभर खाली नेऊन तिथून बाहेरच्या दिशेला आणखी फूटभर आडवी वळवायची, वर माती लोटायची. उकरणारं जनावर नेहमी भिंतीला चिकटून उकरायला लागतं, तिथेच त्याला आडवी जाळी लागते. दोन पावलं मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. साळिंदराने पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन ठिकाणी माती उकरून पाहिली, ओरखडे दिसायचे. मग नाद सोडला.

उंदीर मात्र आला, दाराखालून. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फटसुद्धा पुरते, म्हणजे अर्धा इंची जाळी त्याला अडवू शकत नाहीच. पण जाळीवर तो उघडा पडतो. दाराखालची अंधारी फट त्याला जास्त आवडते. खाली पक्का उंबरा घातला, दाराच्या कडेला रबरी पट्टी लावली, तेव्हापासून काकडीच्या बिया जागेवर राहतात. दाराबद्दल आणखी एक: साधी सरकती कडी माकडं बघून बघून उघडतात. स्प्रिंगचा हुक किंवा सरळ कुलूप लावा. आणि दार आपोआप बंद होईल असं करा, कारण हातात पाटी असली की माणूस दार लावत नाही.

झाडं जाळीला चिकटून लावू नयेत हेही वापरातून कळतं. जाळीतून बाहेर आलेलं प्रत्येक पान हे आमंत्रण असतं. ससे खालची खुडतात, माकडं वरची ओढतात, आणि ओढताना आख्खी फांदी जाळीवर घासून मोडते. दीड फूट जागा सोडली की कटकट संपते. तीच जागा मला चालायला होते.

पूर्वी वाफ्यांवर टाकलेली सैल नायलॉनची जाळी आता पूर्ण काढून टाकली आहे. सैल नायलॉनमध्ये साप अडकतो. खवल्यांमुळे त्याला मागे सरता येत नाही आणि पुढे गेला की दोरा आणखी रुततो. पक्ष्यांचंही तेच. जाळी लावायची तर ताणलेली लावा.

आता दुसरी बाजू. जनावरांना बाहेर ठेवलं की त्यांच्याबरोबर इतरही बरंच काही बाहेर राहतं आणि त्यांची कामं आपल्याकडे येतात.

पहिलं म्हणजे वारा. माझ्याकडे बाजू उघड्या आहेत तरी उन्हाळ्यात दुपारी फिल्मखाली उभं राहवत नाही. टोमॅटोचं परागकण साधारण ३५ अंशांच्या वर बिघडू लागतं, त्यात रात्रीही गरम असल्या तर फुलं नुसती गळतात. झाड हिरवंगार, तजेलदार आणि फळ एकही नाही, हे चित्र तेव्हा दिसलं. ज्यांना थंडीच्या प्रदेशात बंद ग्रीनहाऊस लागतं त्यांची गोष्ट वेगळी, पण ऊन कडक असेल तिथे बंद पेटी बांधण्यात अर्थ नाही. मी कडक उन्हाच्या महिन्यांत फिल्म उतरवून त्याजागी ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट चढवतो. फिल्म प्रोफाइल (पाइपवरची खाचेची पट्टी) आणि त्या खाचेत दाबून बसवायच्या झिगझॅग स्प्रिंगने बसवली असल्यामुळे हे दोन माणसांचं सकाळचं काम आहे. खिळे आणि पट्ट्या मारलेल्या असत्या तर दर वेळी फाटली असती. फिल्म जिथे तापलेल्या पाइपला टेकते तिथेच आधी जळते. त्या जागी पाइपला पांढरा रंग दिला तर तिचं आयुष्य वाढतं.

दुसरं, मधमाश्या. एक इंची जाळीतून त्या येऊ शकतात आणि येतातही, पण बाहेर मोकळी फुलं असताना आत येण्याची तसदी कमीच घेतात. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं, फक्त त्याला हलवणारं काहीतरी लागतं. मी बॅटरीचा टूथब्रश चालू करून फुलांच्या घोसाच्या देठाला मागून टेकवतो. दव वाळल्यावर, सकाळी उशिरा. नीट पाहिलं तर फुलातून पिवळी बारीक भुकटी उडताना दिसते. दिसली की समजायचं काम झालं. वेलभाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी, त्यामुळे तिथे हातानेच परागीभवन. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नर फुलामागे नुसता देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचं. काकडी, भोपळा सकाळी. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हाच उमलतात. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण सकाळी मिटलेल्या फुलांशी झटत बसतात. या सगळ्याचा कंटाळा असेल तर परागीभवनाशिवाय फळणाऱ्या काकडीच्या जाती मिळतात, त्या लावा.

तिसरं, पाऊस. फिल्मखाली पाऊस पडत नाही हे उघडच आहे, पण त्याचे दोन परिणाम उशिरा लक्षात येतात. ठिबकने दिलेल्या पाण्यातले क्षार मातीतच राहतात आणि वाफ्याच्या कडेला पांढरी साय धरते. मग अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते खाली धुवावे लागतात, किंवा एखाद्या पावसात छत उघडं टाकायचं. मी दुसरं करतो, फुकट आहे. आणि पानं धुतली जात नसल्यामुळे कोरड्या उष्णतेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड बेफाम वाढते. पानावर बारीक फिके ठिपके दिसले की पान उलटं करून बघा. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, एवढ्यावर ती बरीच आटोक्यात राहिली.

पांढरी माशी अडवायला ४० मेशची किंवा त्याहून बारीक, म्हणजे इंचाला ४० किंवा जास्त भोकांची कीटकजाळी लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती माशी अडवते, पण वारा आणि मधमाश्याही अडवते. एवढ्याशा घरगुती सांगाड्यावर मला तो सौदा परवडत नाही. पिवळे चिकट सापळे टांगलेत, बेडकांना आत राहू दिलंय, तेवढं पुरतं.

कुणाला बांधायचं असेल तर आधी त्रास कुणाचा आहे ते बघा. फक्त डुकरं आणि ससे असतील तर छत कशाला हवं, बुडाशी नीट पुरलेलं कुंपण पुरे आणि वारा, पाऊस, मधमाश्या आपापली कामं करत राहतील. मोर उडून आत उतरतो, त्याच्यासाठी वर ताणलेली साधी जाळी लागते. माकडं असतील तर मात्र छतापर्यंत वेल्डमेश लावण्याशिवाय गत्यंतर नाही. अशा वेळी पैसे कमी पडत असतील तर फिल्म पुढच्या वर्षी घ्या, जाळीची तार बारीक घेऊ नका. आणि जागा ठरवताना जवळच्या झाडाची फांदी छतावर येत नाही ना ते पाहा, कारण माकडं तिथूनच उड्या मारतात आणि फिल्मला पहिलं भोक तिथेच पडतं.