क्लस्टरवरची खाती: ओपनएलडॅप ठेवावा की फ्रीआयपीए?

सांगली-मिरजेकडच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजात वीस-तीस नोडचा (जोडलेल्या मशीनचा) सामायिक क्लस्टर उभा राहतो, तेव्हा स्लर्म (जॉब रांगेत लावून नोडवर वाटणारी प्रणाली), स्टोरेज आणि एसी यांवर महिनाभर खल होतो आणि लॉगिनचा विषय शेवटच्या दिवशी निघतो. तोवर कुणीतरी पासवर्डच्या फायली एका मशीनवरून बाकीच्यांवर कॉपी करणारी स्क्रिप्ट लिहून ठेवलेली असते. चार नोड आणि दहा-पंधरा माणसं असतील तर तेवढंही पुरतं. ॲन्सिबलने (अनेक मशीनवर एकसारखी मांडणी करणारं साधन) केलं तर चांगलं चालतं. फक्त प्रत्येकाचा युआयडी (खात्याचा क्रमांक) सगळीकडे तोच हवा, कारण एनएफएस (नेटवर्कवरून फायली पुरवणारी व्यवस्था) नाव बघत नाही, आकडा बघतो. एनआयएस, म्हणजे खात्यांची यादी सगळ्या मशीनना पुरवणारी जुनी पद्धत, मात्र आता नकोच. त्यातले पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) कुठल्याही क्लायंटवरून वाचता येतात, आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मधून ती पॅकेजेसच काढून टाकली आहेत. उरतात दोन पर्याय, दोन्ही सगळी खाती एका मध्यवर्ती डिरेक्टरीत ठेवणारे: ओपनएलडॅप आणि फ्रीआयपीए.

उभारणीत ओपनएलडॅप हलका आहे. एक जीबी मेमरीच्या व्हीएमवरही तो सुखाने बसतो. पण रेड हॅटच्या ८ व्या आवृत्तीपासून त्याचा सर्व्हर मूळ वितरणात नाही, त्यामुळे रेड हॅटशी जुळणाऱ्या रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर तो बाहेरच्या रिपॉझिटरीतून आणावा लागतो. डेबियन-उबुंटूवर ही अडचण नाही. फ्रीआयपीए म्हणजे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, एमआयटी कर्बरॉस (मुदतीच्या तिकिटावर ओळख पटवणारी व्यवस्था), प्रमाणपत्रांसाठी डॉगटॅग आणि हवा असेल तर डीएनएस, असा सगळा संसार एकदम येतो. त्याला चार जीबी मेमरी मोकळी द्यावी आणि सर्व्हर रॉकी किंवा अल्मावरच ठेवावा. होस्टचं पूर्ण नाव लूपबॅक पत्त्याला (मशीनच्या स्वतःकडेच वळणाऱ्या) बांधलेलं असलं तर इन्स्टॉलेशन सुरुवातीलाच अडतं, म्हणून होस्ट्स फाईल आधी तपासावी. रेल्म (कर्बरॉसची हद्द) आणि डोमेनचं नाव विचार करून द्यावं, ते मागाहून बदलता येत नाही.

कर्बरॉस म्हटलं की घड्याळाची धास्ती घेतली जाते. लाइट गेली, यूपीएस संपला, आणि ज्या नोडच्या बोर्डावरचा सेल मेलाय तो भलत्याच वर्षात उठला, हे आपल्याकडे होतंच. कर्बरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, हे खरं. पण स्लर्म सहसा ज्या मंजवर (नोडना एकमेकांची ओळख पटवून देणारी सेवा) चालतो, त्याचं क्रेडेन्शियलसुद्धा मुळात ३०० सेकंदच टिकतं. म्हणजे घड्याळं जुळवणारा क्रोनी नीट चालवावा लागणारच, एलडॅप घेतला तरी. या मुद्द्यावर कुठलंच पारडं झुकत नाही.

पारडं झुकतं ते जून-जुलैत, पासआउट बॅच निघून जाते तेव्हा. खातं बंद करायचं म्हणून ओपनएलडॅपमध्ये पासवर्ड लॉक केला, तरी त्या मुलाची एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी किल्लीची फाईल) चालूच राहते. कारण सरळ आहे: कीने लॉगिन करताना पासवर्ड तपासलाच जात नाही, पॅमचा (लिनक्समधली लॉगिन तपासणारी यंत्रणा) फक्त खात्याचा टप्पा चालतो. आणि एसएसएसडीमध्ये (प्रत्येक नोडला डिरेक्टरीशी जोडणारी सेवा) ॲक्सेस प्रोव्हायडर, म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारा भाग, वेगळा सांगितला नसेल, तर त्या टप्प्यावर सगळ्यांना मुभा असते. मुलाच्या होम फोल्डरमधली ऑथराइज्ड कीजची फाईल तशीच पडलेली असते आणि तो पुण्यातल्या नोकरीवरून तुमच्या क्लस्टरवर येऊ शकतो. त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी ती की ज्या लॅपटॉपवर आहे तो कुणाच्या हातात जाईल, हे आपल्या हातात नाही.

ओपनएलडॅपवर हे बंद करता येतं, नाही असं नाही. पासवर्ड पॉलिसीचा ओव्हरले (सर्व्हरला जोडायचा जादा भाग) बसवायचा, एसएसएसडीत ॲक्सेस प्रोव्हायडर एलडॅप करायचा, ॲक्सेस ऑर्डरमध्ये लॉकआउटची तपासणी घालायची आणि पॉलिसीच्या नोंदीचा डीएनही (डिरेक्टरीतला तिचा पूर्ण पत्ता) सांगायचा. हा डीएन राहिला तर लॉक असलेला आणि नसलेला, सगळेच बाहेर राहतात. हे प्रत्येक नोडवर तंतोतंत जुळायला हवं. नवीन नोड जोडताना एक ओळ राहिली तर बाकी सगळं ठीक दिसतं, आणि दार मात्र उघडं असतं. चूक कधीच ओरडत नाही. माझ्या पाहण्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निसटते, आणि मला फ्रीआयपीएकडे वळवलं तेही यानेच.

फ्रीआयपीएत खातं डिसेबल केलं की एसएसएसडी खात्याच्या टप्प्यावरच नकार देतो, पासवर्डने या नाहीतर कीने. एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये पॅम चालू असायला हवा, इतकंच. वर सार्वजनिक की डिरेक्टरीतच ठेवता येतात. मग लॉगिन नोडवर (ज्यावरून माणसं आत येतात) होममधली कीची फाईल वाचणंच बंद करावं. पण चालू असलेले जॉब, टीमक्सची (लॉगआउट झाल्यावरही चालू राहणारी) सत्रं आणि आधीच मिळालेलं कर्बरॉसचं तिकीट डिसेबल केल्याने थांबत नाहीत. त्या युजरचे जॉब स्लर्ममधून रद्द करून सत्रंही वेगळी संपवावी लागतात.

फ्रीआयपीएचे त्रासही सांगायला हवेत. कोण कुठे येऊ शकतो याच्या नियमांत सुरुवातीला सगळ्यांना मुभा देणारा एक नियम असतो. आपले नियम लिहून होण्याआधी तो बंद केला तर सगळे बाहेर, आणि नियमांत फक्त एसएसएचचं नाव घातलं तर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आणि सिस्टमडीची युजर सेवा अडते. ॲडमिनने दिलेला पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलावा लागतो. फायली पाठवण्याच्या विनएससीपीसारख्या साधनांतून येणारी मुलं तिथे गोंधळतात, म्हणून त्यांना आधी वेबपानावरून पासवर्ड बदलायला सांगावं. होम फोल्डरला कर्बरॉसचा एनएफएस मात्र लावू नये: तिकिटाची मुदत साधारण २४ तास आणि जॉब तीन दिवसांचा, मग मध्येच लिहिणं बंद. डिस्क नसलेले कॉम्प्युट नोड असतील तर प्रत्येक बूटला त्यांची नव्याने नोंदणी करत बसण्यात अर्थ नाही. फक्त लॉगिन नोड पूर्ण जोडावा, कॉम्प्युट नोडवर त्याच डिरेक्टरीतून साध्या एलडॅपने नावं वाचावीत, आणि जॉब नसलेल्या नोडवर कुणी शिरू नये म्हणून स्लर्मचा पॅम मॉड्यूल लावावा. शंभर टास्क एकदम सुटल्यावर डिरेक्टरीवर झुंबड उडते, ती स्लर्मच्या स्वतःच्या नेमसर्व्हिस (खात्यांची नावं पुरवणाऱ्या) मॉड्यूलने बरीच कमी होते.

जुन्या ओपनएलडॅपवरून येणाऱ्यांना युआयडी तसेच आणता येतात. पण हॅशवरून कर्बरॉसची की बनत नाही, म्हणून प्रत्येकाला स्थलांतराच्या पानावर किंवा एसएसएसडीतून लॉगिन करताना एकदा जुना पासवर्ड टाकावा लागतो. सत्राच्या मध्यावर हे काढू नये, सुट्टीत करावं.

प्रतिकृती सर्व्हर दोन्हीकडे हवाच, आणि तो दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे सांगलीत तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

ज्यांच्याकडे ओपनएलडॅप वर्षानुवर्षं नीट चालतोय आणि तो जाणणारा माणूस अजून आहे, त्यांनी घाई करू नये, असं मला वाटतं. नवीन सुरुवात असेल तर मी फ्रीआयपीए घेईन. ठरवण्याआधी एक चाचणी मात्र दोन्हीकडे करून बघा: एक खोटं खातं काढा, त्यात की घाला, खातं लॉक करा, आणि घरच्या इंटरनेटवरून त्याच कीने प्रत्येक लॉगिन नोडवर शिरायचा प्रयत्न करा.