बेळगावच्या खडेबाजारातला ८ इंची केक टिन, बिनधास्त घ्या
दिवाळीला पाहुणे यायचे म्हणून खडेबाजारातनं हा अॅल्युमिनियमचा चौकोनी टिन आणला, ब्राऊनीच्या पिठावर आपला कुंदा (दूध आटवून करतात ती बेळगावी मिठाई) पसरून बार करायचे होते, आणि काय भारी निघाले की वो! काळ्या टिनमध्ये कडा आधी करपतात, ह्यात १८० डिग्रीवर कडा मऊ राहतात नि मधलं पण नीट भाजतं. बटर पेपर मात्र दोन्ही बाजूंनी वर काढून लावाच, कुंद्याची साखर वितळून तळाला अशी चिकटते की उलथन्यानं पण सुटत नाही. पूर्ण गार झाल्यावर सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. पत्रा जरा पातळ आहे, घासताना चेपतो. आणि ब्राऊनीत साखर कमीच घाला, नाहीतर एका बारातच तोंडाला मिठी बसते.