चहा करून आणेपर्यंत कोणी मारत नाही असा गेम

मी कळंगुटला एका हॉटेलच्या रिसेप्शनला असतो. दर शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून बारा बारा तास गाडी हाणत आलेली माणसं काउंटरवर हात टेकतात आणि पहिलं वाक्य तेच, "भाऊ, जरा शांत रूम द्या हां", आणि रस्त्यापलीकडे डीजे असा वाजत असतो की ते वाक्य मला त्यांच्या ओठांवरून वाचावं लागतं. मी मागच्या बाजूची रूम देतो. मागच्या बाजूला जनरेटर आहे, ते लाईट गेली की त्यांचं त्यांना कळतं. शिफ्ट संपवून डिचोलीला घरी पोचेपर्यंत साडेअकरा होतात, आईने झाकून ठेवलेलं शीत आणि हुमण खातो, लॅपटॉप उघडतो आणि अ शॉर्ट हाईक नावाच्या गेममधल्या बेटावर जाऊन बसतो जिथे डीजे नाही. गोव्यातला माणूस शांततेसाठी स्क्रीनमधल्या बेटावर जातो यावर मित्र खूप हसतात, हसू देत.

बेटाकडे येतोच, पण आधी माझी चहाची टेस्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गेम चालू ठेवायचा, पॉज करायचा नाही, उठून किचनमध्ये जायचं, आल्याचा चहा नीट उकळून करायचा आणि कप घेऊन परत यायचं. आपलं कॅरेक्टर होतं तिथेच उभं असलं तर पास. मेलं असलं, लुटलं गेलं असलं किंवा कुणाचं तरी काम राहिलं म्हणून गेम बोंबलत असला तर नापास, मग ग्राफिक्स कितीही भारी असू देत. सुंदर जागा आणि शांत जागा यातला फरक कळंगुटात नोकरी करणाऱ्याला समजावून सांगायची गरज नसते.

ही खोड जुनी आहे माझी. शाळेत असताना म्हापशाला एका सायबर कॅफेत जायचो, तिथे सगळी पोरं जीटीए सॅन अँड्रियास लावून बसलेली, २००४चा गेम, पोलीस मागे लावून घ्यायचे, गाड्या उडवायच्या, नुसता दंगा. मी तासाचे पैसे भरून गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावर जायचो. तिथे वर दिवसा सायकली उभ्या असतात, एक घ्यायची आणि डोंगर उतरायचा, परत वर जायचं, परत उतरायचं. शेजारचा पोरगा म्हणायचा, पैसे फुकट घालवतोस रे. त्याच्याकडे बघता मीच पुरेपूर वसूल करत होतो असं मला अजून वाटतं.

तर बेट. गेमचं नाव अ शॉर्ट हाईक, २०१९ साली आला, ॲडम रॉबिन्सन-यू नावाच्या कॅनडाच्या माणसाने बनवलाय. क्लेअर नावाचं एक पाखरू आहे, ती सुट्टीत आंट मे-कडे आलीय, आंट तिथल्या पार्कात रेंजर. आता ही मावशी की आत्या की काकी ते गेम सांगत नाही, इंग्रजीत ही पंचाईत असतेच, मी मावशी धरून चाललोय. क्लेअर एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि खाली रेंज नाही, रेंज फक्त हॉक पीक नावाच्या डोंगराच्या शेंड्यावर. बस, एवढीच गोष्ट. माझी खरी मावशी सत्तरी तालुक्यात राहते, वाळपईच्या पुढे, तिला आम्हाला फोन करायचा तर काजूंमधून वर टेंबावर चढावं लागतं आणि वर गेल्यावर रेंज फुल असली तरी ती ओरडूनच बोलते, बहुतेक चढून आल्याची सवय. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच वाटलं, अरे हा तर आपल्याकडचा गेम.

डोंगर चढायला सोन्याची पिसं लागतात, जितकी पिसं जास्त तितका वेळ कड्याला धरून वर जाता येतं, आणि ही पिसं बेटभर विखुरलेली, काही विकत मिळतात, काही कुणाचं काम केलं की. आणि कामं तरी काय, एकाला शिंपले हवेत, पळायचा सराव करणाऱ्या एकीची डोक्याची पट्टी हरवलीय, एक चित्रकार जागा बदलत फिरतोय आणि त्याला चित्र काही जमत नाहीये. पण मजा अशी की हे सगळं नाही केलं तरी कोणी काही बोलत नाही. लाल रंगाचं उद्गारचिन्ह डोक्यावर नाचत नाही, टायमर नाही, नकाशावर ठिपके नाहीत. मी पहिल्या रात्री डोंगराचं नावसुद्धा काढलं नाही, नुसतं किनाऱ्यावर गळ टाकून बसलो आणि दोन मासे पकडून झोपलो. झारी मिळते एक, ठरावीक रोपट्यांना पाणी घातलं की फुलं फुलतात आणि त्या फुलांवरून उड्या मारता येतात, याचा उपयोग काय असं विचारू नका.

सगळ्यात भारी मला वाटलं ते म्युझिक. मार्क स्पार्लिंगचं आहे, आणि तुम्ही जसे खालून वर जाता किंवा एका भागातून दुसऱ्या भागात, तसं ते बदलत जातं पण कुठे तुटत नाही, म्हणजे एक गाणं बंद दुसरं चालू असं होत नाही, नवीन वाद्य हळूच येऊन बसतं. शेंड्याजवळ बर्फ लागतो, थंडीने पिसं गोठतात, तिथे थोडी दमछाक होते, पण पडलात तरी मरत नाही, पंख पसरायचे आणि तरंगत खाली यायचं. खरं सांगतो, वरून उडी मारून अख्खं बेट खालून सरकताना बघायला मी तीनतीनदा चढलोय.

आता तक्रारी. चित्र मुद्दाम जाडजाड पिक्सेलचं ठेवलंय, माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं ग्राफिक्स कार्ड गेलं, सेटिंगमध्ये जाऊन पिक्सेल बारीक करता येतात, ते आधीच करून घ्या. कॅमेरा आपल्या हातात नसतो, तो त्याच्या मर्जीने फिरतो, त्यामुळे कधी कधी कडा जवळ आहे की लांब ते कळत नाही आणि उडी चुकते. आणि सरळ वर गेलात तर दीड-दोन तासांत संपतो. पैसे वसूल का, तर मी सेलमध्ये घेतला, बीचवरच्या एका फिश थाळीपेक्षा स्वस्त पडला आणि थाळी मी चार वेळा खाऊ शकलो नसतो. हलका आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतो, एकदा उतरवला की नेट लागत नाही, जूनमध्ये आमच्याकडे लाईट जाते तेव्हा बॅटरीवर हाच एक चालतो.

चहाची टेस्ट? चहा, वर दोन बिस्किटं, आणि शेजारच्या काकींशी गेटवर दहा मिनिटं गप्पा. परत आलो तर क्लेअर उभी, झाडं हलतायत. पास.

याच टेस्टमध्ये मोठेमोठे गेम पडलेत. रेड डेड रिडेम्पशन २ बद्दल सगळे म्हणतात निसर्ग बघायचा तर हाच, आणि खोटं नाही, ओक्रेज रन नावाचं एक तळं आहे डोंगरात, पहाटे तिथे धुकं पाण्यावरून सरकतं ते बघून मला मये तळ्याची आठवण आली. पीसीवर १५० जीबी जागा मागतो, आमच्या नेटवर उतरवायला चार रात्री गेल्या. तळ्याकाठी घोडा उभा केला, चहा करायला गेलो, आलो तर मी मेलेलो. लांडगे की अस्वल ते कळलंच नाही. नंतर समजलं की त्या तळ्याच्या वरच्या अंगाला गेममधलं एक खास अस्वल राहतं आणि त्याचं नाव भारती. भारती! आता या नावाचं अस्वल तिथे कसं पोचलं देव जाणे, पण तळं माझ्यासाठी संपलं.

स्टारड्यू व्हॅलीचं दुःख वेगळं. एरिक बरोन या एकट्या माणसाने चित्रं, म्युझिक, कोडिंग सगळं करून २०१६ला आणलेला शेतीचा गेम, लोक त्याला शांततेचा राजा मानतात, आणि समुद्रकिनारा खरंच सुरेख आहे, उन्हाळ्याच्या २८ तारखेला रात्री जेलीफिश उजेड घेऊन धक्क्यापाशी येतात आणि सगळं गाव गुपचूप उभं राहून बघतं. आमच्याकडे जेलीफिश आली की लाईफगार्डच्या शिट्ट्या. पाऊस पडला की पिकाला पाणी घालायचं काम सुटतं, हेही छान. पण घड्याळ! सकाळी सहा ते रात्री दोन हा दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो, दोनपर्यंत अंथरुणात नसलात तर रस्त्यात कोसळता आणि वर पैसे जातात. मी दिवसभर चेक-इन चेक-आउटची घड्याळं बघून घरी येतो, घरी येऊन कोबीसाठी धावपळ कशाला करू? मेनू उघडून ठेवला की वेळ थांबतो हे माहितीये, पण ते म्हणजे टेस्टमध्ये कॉपी करणं झालं. ज्यांना वेळापत्रकातच बरं वाटतं त्यांनी जरूर घ्यावा, माझ्या बहिणीची त्यात तीन शेतं आहेत.

दुसरा पास झालेला म्हणजे ॲब्झू, २०१६चाच. समुद्राखाली पोहायचं, ऑक्सिजन संपत नाही, कोणी मारत नाही, आणि मधे मधे शार्कच्या दगडी मूर्ती आहेत त्यांच्यावर बसलं की आपण नुसते मासे बघत राहतो, एकेका माशाचं नाव खाली येतं. मंगळवारी माझी सुट्टी असते, दुपारी हे लावून बसलो होतो तर आई मागे येऊन उभी राहिली, "कितें रे हें?" मी म्हटलं मासे. तेव्हा बंदीचे दिवस होते, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बाजारात इसवणाला, म्हणजे सुरमईला, हात लावायची सोय नव्हती. ती अर्धा तास खुर्ची ओढून बसली. गेमने दाखवलेलं नाव काही तिला पटत नव्हतं, हा तांबोसाच, ती मोरी, हा कुठला विलायती दिसतो, याला काटे फार असणार. एवढा मोठा थवा आणि कोणी जाळं टाकत नाही याचं तिला फार वाईट वाटलं. ॲब्झूसुद्धा दोनेक तासांचाच आहे आणि शेवटाकडे थोडा गंभीर होतो, पण मूर्तीवर बसून कितीही वेळ काढा, गेम पुढे ढकलत नाही.

त्यानंतर आईला त्या पाखराचाही गेम दाखवला. तिला पिसं बिसं कळली नाहीत, पण रेंजचं लगेच कळलं. मी चढत होतो, ती भाजी निवडत होती, शेंड्यावर पोचलो तेव्हा कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. परत येऊन विचारलं,

"मिळाली का तिला रेंज?"

"मिळाली."

"मग घरी फोन केला की नाही?"

"तिच्या आईचाच आला."

"बघ," आई म्हणाली आणि मला मावशीचा नंबर लावायला सांगितला.