ओपनसिम: फुकट आहे, पण गुडघा १२० वर थांबतो

पीएचडीच्या मधेच तीन महिने जर्मनीतल्या एका बायोमेकॅनिक्स लॅबमधे जाऊन आले, तिथे दिवसरात्र ज्याच्याशी झुंजले ते सॉफ्टवेअर म्हणजे ओपनसिम, माणसाच्या हालचालीत सांधे कसे वळतात आणि स्नायू किती जोर लावतात ते कॉम्प्युटरवरच्या सांगाड्यावर काढून देणारं. स्टॅनफर्डचं आहे, २००७ पासून आहे, ओपन सोर्स, साध्या लॅपटॉपवर चालतं. म्हणजे त्यासाठी जर्मनी गाठायची गरज नाही, गरज असते ती हालचाल टिपणारे कॅमेरे आणि फोर्स प्लेट (पाय जमिनीवर किती जोर देतो ते मोजणारी पाटी) असलेल्या खोलीची आणि शेजारी बसून "हे चुकलंय" सांगणाऱ्या माणसाची.

स्क्रीनवरचा माझा पहिला सांगाडा आडवा पडून चालत होता!! लॅबचा झेड अक्ष वर, ओपनसिमचा वाय, आणि डेटा फिरवून घ्यायचा असतो हे मी विसरलेले. सगळ्यांचा पहिला सांगाडा आडवाच पडतो म्हणे.

नंतर मात्र मजा येते, मॉडेल माणसाच्या मापाचं केलं, सांधे किती वळले ते काढलं की कामाला लागलेले स्नायू निळ्याचे लाल होताना दिसतात आणि आपल्याला वाटतं झालं, कळलं सगळं. थांबा. एका सांध्यावरून इतके स्नायू जातात की तीच चाल कितीतरी प्रकारे जोर वाटून जमते, त्यातली कमीत कमी मेहनतीची वाटणी सॉफ्टवेअर निवडतं, शरीर तसंच करतं कशावरून? म्हणून ईएमजी (स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी चाचणी) लावून ताडून बघायचंच, कंटाळा आला तरी.

माझा विषय उकिडवं बसणं. आणि गेट२३९२ नावाचं जे मॉडेल सगळे आधी उघडतात त्यात स्नायूंच्या ९२ दोऱ्या आहेत पण गुडघा १२० अंशालाच थांबतो, ते चालण्यासाठीच बनवलंय. आपल्याकडे आजी विळीवर बसते तेव्हा गुडघा त्याच्या पुढे गेलेला असतो. खोल स्क्वॉटसाठी सुधारलेली मॉडेलं सिमटीके या वेबसाइटवर फुकट मिळतात, ती घ्या, पण मांडी पोटरीवर टेकली की गुडघ्यावरचा थोडा भार तिथे जातो आणि तो हिशोब मॉडेल आपणहून धरत नाही, वेगळा घालावा लागतो. माझे शेवटचे पाच आठवडे यातच गेले.

५ पैकी ४. एक गुण गुडघ्याचा कापला. जाणार असाल तर इथेच पायथनमधे प्रोग्रामिंग शिकून जा, तिथे एकेक फाईल माऊसने उघडत बसाल तर तीन महिने पुरणार नाहीत.