महाडीबीटीवर लेकीच्या फीचा अर्ज: सात महिने आणि एक शिधापत्रिका

महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे अर्ज भरायचं राज्य सरकारचं पोर्टल. यातला अर्धा भाग मी डिसेंबरात लिहून ठेवला होता, अर्ज दुसऱ्यांदा परत आला त्या रात्री. तेव्हाचा राग खोटा नव्हता, म्हणून तो तसाच ठेवते. पुढे मत कुठे बदललं तेही सांगते.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. ह्यांची खासगी कंपनीत नोकरी, मी घरून पोळीभाजीचे डबे देते. लेक २०२४ मध्ये कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून), ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात, इंजिनिअरिंगला लागली. त्याच वर्षी ८ जुलैला शासन निर्णय निघाला होता. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी निम्म्याऐवजी पूर्ण माफ. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला मात्र हे लागू नाही. आमच्या घरासाठी हा निर्णय किती मोठा होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तो नसता तर लेक डिप्लोमाला गेली असती.

उत्पन्नाच्या दाखल्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. ह्यांचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा कागद) होता, पण माझ्या डब्यांच्या कमाईला कागद कुठला? स्वयंघोषणा दिली, तलाठ्याचा अहवाल झाला, तीन चकरा पडल्या. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत दाखला मिळायला हवा. आमचा अकराव्या दिवशी मिळाला. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे दर वर्षी नवा काढायचा. पोर्टलवर त्याचा बारकोड क्रमांक विचारतात. बाकी अधिवास प्रमाणपत्र, गुणपत्रिका, कॅपचं पत्र, हे सगळं एका दुपारी झालं.

अडलं ते शिधापत्रिकेवर.

कुठलीही फाईल २५६ केबीच्या आत पाहिजे. आमचं केशरी कार्ड जुनं, घडीवर फाटलेलं, सासूबाईंनी जपून लॅमिनेट करून ठेवलेलं. मोबाईलवर फोटो काढला की प्लॅस्टिकवर दिव्याची चकाकी येते, आणि फोटो होतो तीन-चार एमबीचा. तो नेटकॅफेवाल्याने दाबून दाबून २५६ मध्ये बसवला. शंभर रुपये घेतले. नोव्हेंबरात अर्ज परत: 'शिधापत्रिका अस्पष्ट'. पुन्हा नेटकॅफे, पुन्हा शंभर रुपये. डिसेंबरात पुन्हा तेच. मी त्या रात्री लिहिलं होतं: "मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे आणि तो एका फोटोच्या वजनावर अडकलाय. हजारो रुपयांची फी द्यायला सरकार तयार आहे, पण अर्ध्या एमबीची जागा द्यायला तयार नाही. ज्या बाईकडे स्कॅनर नाही तिने काय करायचं?" कॉलेजच्या क्लार्क मॅडम मुद्दाम त्रास देतात असंही लिहिलं होतं. ते मी आता काढून टाकलंय.

कारण जानेवारीत मी लेकीबरोबर स्वतः कॉलेजात गेले. मॅडमनी काही न बोलता आमचा अर्ज उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कार्डाचं पहिलं पान ठीक होतं. नावांच्या पानावर नुसता राखाडी डाग. माझं नाव मलाच वाचता येईना. त्यांनी सांगितलं की एका कुटुंबातल्या दोनच मुलांना या योजनेचा लाभ मिळतो, म्हणून वरच्या कार्यालयात नावांचं पान बघतात. वाचता आलं नाही तर अर्ज तिथून परत येतो आणि महिना जातो, त्यापेक्षा इथेच परत पाठवलेला बरा. दोन महिने मी ज्या बाईंवर चिडले होते, त्या आमचाच वेळ वाचवत होत्या.

उपाय साधा निघाला, म्हणूनच तो नीट लिहिते. मोबाईल वापरू नका. झेरॉक्सच्या दुकानात सपाट काचेचा स्कॅनर असतो, त्यावर कार्ड पालथं ठेवा, म्हणजे चकाकी येत नाही. रंगीत नको, ग्रेस्केल सांगा. रेझोल्यूशन १५० डीपीआय. फाईल पीडीएफ करून घ्या. आमची १९० केबीची झाली, आणि सासूबाईंच्या नावातली वेलांटीसुद्धा स्पष्ट दिसते. दहा रुपये लागले. नेटकॅफेला दोनशे गेले होते, आणि दोन दिवस डबे बंद ठेवले ते वेगळंच. ही एक ओळ पोर्टलवर अपलोडच्या बटणाशेजारी लिहिली असती, तर किती आया वाचल्या असत्या! मर्यादा वाढवायची नसेल तर नका वाढवू, पण स्कॅन कसा करायचा एवढं तरी सांगा. माझी तक्रार आता एवढीच उरली आहे, पण ती मी सोडणार नाही.

ओटीपीचंही बघून ठेवा. लेकीच्या आधारला ह्यांचा नंबर जोडलेला, आणि ह्यांच्या कंपनीत कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. तीन वेळा ओटीपी वाया गेला. आधार केंद्रात तेव्हाचे ५० रुपये भरून तिचा स्वतःचा नंबर जोडला. पुढे मंजूर हप्ता पोर्टलवर रिडीम करताना, म्हणजे तो सोडायला संमती देतानाही, तिचाच फोन लागला, त्यामुळे ते पैसे सत्कारणी लागले. आणि जी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ती आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं असेल तिथेच जाते. शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं कुठल्या बँकेत आहे ते आधी तपासा.

पैशांचं स्पष्ट सांगते. शंभर टक्के म्हणजे सगळी पावती नव्हे. विकास शुल्क यात येत नाही. आमच्या पावतीवर शिक्षण शुल्क ९८ हजार आणि विकास शुल्क १४ हजार होतं. १४ हजार घरातून गेले, आणि त्याची तयारी आम्ही केली नव्हती. शिवाय मुलींकडून माफीची फी आगाऊ घेऊ नका असं शासनाने बजावूनही कॉलेजने प्रवेशाच्या वेळी सगळी रक्कम मागितली. आम्ही भांडलो नाही, भीती वाटली. भिशी उचलली आणि ह्यांनी पीएफमधून काढले. आज ती वेळ आली तर मी शासन निर्णयाची प्रत घेऊन उभी राहीन आणि लेखी उत्तर मागीन.

एप्रिलच्या शेवटी पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यावर जमा झाला, आणि काल कॉलेजने तेवढी रक्कम आम्हाला परत केली. संध्याकाळी मेसेज वाचून लेक गॅलरीतून ओरडली, तेव्हा माझे हात पिठात होते. पोर्टलबद्दल मी डिसेंबरात 'कुणी या फंदात पडू नका' असं लिहिलं होतं. आता म्हणते, जरूर भरा, आणि प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यात भरा.

दुसऱ्या वर्षी नवं प्रोफाईल काढायचं नाही, त्याच युजर आयडीने नूतनीकरण करायचं. उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी मी सोमवारी कागद दिले. दुसरा हप्ता अजून यायचा आहे, त्यासाठी गुरुवारी कॉलेजच्या अकाउंट्समध्ये जाणार आहे.